गाडीच्या काचेवरील ठिपके : ऐब की काचेची जात?

आपल्या समाजातील कितीतरी तरुण आज गॅरेज लाइनमध्ये आहेत. कोणी डेंटिंग-पेंटिंग करतो, कोणी सीट कव्हर शिवतो, कोणी काचा बसवतो, तर कोणी जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. या सर्वांच्या वाट्याला कधी ना कधी एक तक्रार येते. ग्राहक नवी काच बसवून गाडी घेऊन जातो आणि दोन दिवसांनी परत येऊन म्हणतो, "काचेवर डाग आहेत. चित्त्याच्या अंगावर असावेत तसे ठिपके दिसतात. तुम्ही मला खराब माल लावला." कारागीर काच पुसतो, उन्हात बघतो, सावलीत बघतो. त्याला एकही ठिपका दिसत नाही. ग्राहक मात्र कसम खाऊन सांगतो की मला दिसले. दोघेही खरे बोलत असतात आणि तरीही भांडण होते.

या भांडणात नुकसान बहुधा गरीब कारागिराचे होते. तो इज्जतीखातर दुसरी काच आणून बसवतो. दुसऱ्या काचेतही तेच ठिपके निघतात. मग ग्राहक पैसे अडवतो आणि बाजारात बदनामी करतो. याच्या उलट प्रकारही घडतो. काच खरोखरच सदोष असते आणि दुकानदार "असे ठिपके येतातच" म्हणून ग्राहकाला वाटेला लावतो. म्हणून हा विषय नीट समजून घेणे विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्याही हिताचे आहे.

हे ठिपके कोठे आणि केव्हा दिसतात?

नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाचे उदाहरण घेऊ. (जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर झाले.) श्री. पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात, १९८९-९० पासून या गावाने पाणलोटाची कामे केली. त्या कामासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. दुष्काळी पट्ट्यातले हे गाव पाहण्यासाठी दूरदूरहून लोक गाड्या करून येतात. समजा, नगरच्या एखाद्या कारागिराने संध्याकाळी एका जीपची मागची काच बदलली. ग्राहक दुसऱ्या दिवशी पहाटे पाहुण्यांना घेऊन हिवरे बाजारला निघाला. पाऊस होऊन गेलेला, आकाश धुतल्यासारखे निळे, ऊन कोवळे आणि डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल. माळावर गाडी उभी केली आणि मागे वळून पाहिले, तर सबंध काचेवर ओळीने काळपट-निळसर ठिपके! आदल्या संध्याकाळी गॅरेजच्या पत्र्याखाली ट्यूबलाइटच्या उजेडात यांतला एकही ठिपका दिसला नव्हता.

यात जादू काही नाही. ठिपके दिसण्यासाठी लागणाऱ्या सगळ्या गोष्टी त्या सकाळी एकत्र आल्या, गॅरेजमध्ये त्या नव्हत्या, एवढाच फरक. त्या गोष्टी कोणत्या हे समजण्यासाठी प्रथम ही काच कशी बनते ते पाहावे लागेल.

टफन काच कशी बनते?

मोटारीच्या दाराच्या आणि मागच्या बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन असतात. साधी काच आधी मापात कापतात, कडा घासतात, भोके पाडायची असतील तर पाडतात. नंतर ती भट्टीत सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. या तापमानाला काच मऊ पडते, हवा तसा बाक घेते. मग तिला भट्टीबाहेर काढून दोन्ही बाजूंनी थंड हवेचा जोरदार मारा करतात. हवा सोडणाऱ्या नळ्यांना शेकडो तोंडे असतात आणि ती ओळीने, ठरावीक अंतरावर बसवलेली असतात.

हवेच्या माऱ्याने काचेचे दोन्ही पृष्ठभाग आधी घट्ट होतात. आतला गाभा अजून गरम असतो. पुढे गाभाही थंड होतो आणि आकसू पाहतो, पण वरचे थर आधीच घट्ट झालेले असल्याने त्याला मोकळेपणे आकसता येत नाही. तो वरच्या थरांना आत ओढून धरतो. परिणामी वरचे थर कायमचे दाबाखाली राहतात आणि गाभा कायमचा ताणाखाली राहतो. दाबाखालचा थर प्रत्येक बाजूने काचेच्या जाडीच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढा असतो. इमारतींच्या टफन काचेसाठी अमेरिकन मानकात पृष्ठभागावरचा हा दाब प्रत्येक चौरस इंचाला किमान १०,००० पौंड सांगितला आहे. काच नेहमी ताणाने फुटते, दाबाने नाही. म्हणून बाहेरून धक्का बसला तरी आधी हा दाब मोडून काढल्याशिवाय ती फुटत नाही. त्यामुळेच ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते.

या विद्येचा इतिहासही मजेदार आहे. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला की शेपटीवाला मणी बनतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही, पण शेपटी मोडताच सगळा मणी भुकटी होतो. सतराव्या शतकात, १६६० च्या सुमारास, प्रिन्स रूपर्टने हे मणी इंग्लंडमध्ये नेले आणि तेव्हापासून ते त्याच्या नावाने ओळखले जातात. त्यामागेही हाच दाब आणि ताण आहे. पुढे १८७४ साली फ्रान्सच्या दे ला बास्ती याने तापलेली काच तेलात बुडवून मजबूत करण्याचे पेटंट घेतले. तेलाची जागा नंतर हवेने घेतली.

आपल्या महाराष्ट्रातही काचेचा धंदा जुना आहे. तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी होता. कंदिलाची चिमणी बनवताना कारागिरांना नेमके उलटे करावे लागे, म्हणजे काच अगदी हळूहळू थंड करून आतला ताण काढून टाकावा लागे. तो राहिला तर चिमणी ज्योतीच्या गरमीने तडकली असती. तिथे ताण हा दुश्मन होता. इथे तोच ताण मोजून-मापून काचेत भरला जातो आणि तो प्रवाशांच्या जिवाची राखण करतो.

ठिपके येतात कोठून?

हवेचे झोत शेकडो तोंडांतून येतात हे वर सांगितले. झोत जिथे सरळ आदळतो तिथे काच किंचित लवकर थंड होते. दोन झोतांच्या मधल्या जागी किंचित उशिरा होते. त्यामुळे काचेतला दाब सगळीकडे अगदी एकसारखा राहत नाही. थोडा इकडे जास्त, थोडा तिकडे कमी असा राहतो. हा फरक एकूण दाबाच्या मानाने लहान असतो, काच त्यामुळे कमजोर होत नाही. पण त्या तोंडांच्या रांगांचा नकाशा काचेत कायमचा उमटतो. म्हणून ठिपके कधी चौकटीत, कधी तिरप्या ओळींत, कधी पट्ट्यांसारखे दिसतात. वेगवेगळ्या कारखान्यांतील नळ्यांची मांडणी वेगवेगळी असते, म्हणून ठिपक्यांचा नमुनाही वेगवेगळा असतो.

दाबाचा हा फरक डोळ्यांना एरवी दिसत नाही. तो दिसण्यासाठी विशिष्ट प्रकारचा उजेड लागतो.

उजेडाचा ताणा-बाणा

आपल्यातील पुष्कळजण कापडाच्या धंद्यातले आहेत, म्हणून कापडाच्याच भाषेत सांगतो. उजेड हा लहरींनी चालतो. सूर्याच्या थेट उजेडात या लहरी सर्व दिशांना हलतात, उभ्या, आडव्या, तिरप्या. पण हाच उजेड काही ठिकाणी आपटून आला की त्यातली एकच दिशा जास्त उरते, जसा कापडातून बाणा काढून घेतला आणि फक्त ताणा शिल्लक राहिला. अशा एकदिश उजेडाला पोलराइज्ड उजेड म्हणतात.

हा उजेड आपल्या अवतीभोवती आहे. निळ्या आकाशाचा उजेड, विशेषतः सूर्यापासून ९० अंशांवर असलेल्या पट्ट्याचा, बराचसा एकदिश असतो. सकाळी व संध्याकाळी सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा हा पट्टा उत्तरेकडून निघून डोक्यावरून दक्षिणेकडे जातो. धूळ कमी आणि आकाश स्वच्छ असेल तर परिणाम जास्त जाणवतो. ढगाळ दिवशी तो जवळजवळ नाहीसा होतो. दुसरे, पाणी, डांबरी रस्ता, काच यांवरून तिरपा परावर्तित झालेला उजेडही एकदिश होतो. काचेच्या बाबतीत सुमारे ५६ अंशांच्या तिरप्या कोनात हा परिणाम सर्वांत जास्त असतो. फ्रान्सच्या मालुस या शास्त्रज्ञाला ही गोष्ट १८०८ साली अशीच कळली. पॅरिसमधील लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांच्या काचांवरून येणारे मावळतीचे ऊन तो एका स्फटिकातून पाहत होता.

आता हा एकदिश उजेड टफन काचेतून गेला की काय होते? दाबाखाली असलेली काच उजेडाचे दोन भाग करते, एक दाबाच्या दिशेने हलणारा आणि दुसरा त्याला काटकोनात हलणारा. दोघांचा वेग किंचित वेगळा असल्याने एक पुढे जातो, एक मागे राहतो. जिथे दाबाचे प्रमाण वेगळे, तिथे हे मागे-पुढे होणेही वेगळे. काचेवर दाब टाकला की असे घडते, हे स्कॉटलंडच्या ब्रूस्टरने १८१५-१६ च्या सुमारास दाखवून दिले.

पण एवढ्यानेही ठिपके दिसत नाहीत. शेवटी एक चाळणी लागते, जी एका दिशेचा उजेड जाऊ देते आणि दुसऱ्या दिशेचा अडवते. पोलराइज्ड गॉगल हीच चाळणी आहे. रस्त्यावरची चकाकी आडव्या दिशेने हलते, गॉगल तिला अडवतो आणि उभ्या दिशेचा उजेड सोडतो. म्हणून ड्रायव्हर मंडळींना तो आवडतो. गॉगल नसेल तर तिरपी पाहिलेली काच स्वतःच थोडेफार चाळणीचे काम करते, म्हणून कधी कधी नुसत्या डोळ्यांनाही फिकट ठिपके दिसतात.

थोडक्यात हिशेब असा : एकदिश उजेड, दाब भरलेली काच आणि शेवटी चाळणी. तिन्ही जुळले तरच ठिपका दिसतो. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली पहिलीच गोष्ट नसते. हिवरे बाजारच्या माळावर स्वच्छ सकाळी, गॉगल लावून, तिन्ही असतात.

आपल्याकडील धूपछाव कापड सर्वांना माहीत आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की पदर हलवताच रंग पालटतो. पैठणीत तर ही खुबी मानतात. जाणकार गिऱ्हाईक त्याला "रंग उतरला" असे म्हणत नाही, कारण तो विणीचा गुण आहे हे त्याला कळते. टफन काचेवरील ठिपक्यांची गोष्टही तशीच आहे. फरक इतकाच की धूपछाव मुद्दाम विणतात, आणि ठिपके ही मजबुतीची न टळणारी खूण आहे. इमारतीच्या टफन काचेसाठी असलेल्या युरोपीय आणि अमेरिकन मानकांतही या खुणांना दोष न मानता उष्णतेने मजबूत केलेल्या काचेचे वैशिष्ट्यच मानले आहे.

डोळ्याला जे दिसते ते वस्तूकडून डोळ्याकडे येणाऱ्या उजेडामुळे, हे बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या हसन इब्नुल हैसम यांनी अकराव्या शतकात आपल्या किताबुल मनाझिर या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे मांडले. ठिपक्यांचे हे शास्त्र त्यांच्या नंतर कित्येक शतकांनी आले. पण त्यांचा दंडक आपल्या कामाचा आहे : वाद घालण्यापेक्षा करून पाहावे.

ग्राहकासमोर करून दाखवण्याच्या कसोट्या

पुढील कसोट्यांना खर्च नाही. प्रत्येक काचवाल्याने त्या शिकून घ्याव्यात.

१) बोट फिरवा. काच धुऊन कोरडी करा आणि ठिपक्यावरून नख फिरवा. ताणाचा ठिपका हाताला कधीच लागत नाही, तो काचेच्या अंगात असतो. नख अडले तर ओरखडा, वेल्डिंगची ठिणगी किंवा बाहेरून चिकटलेला पदार्थ आहे.

२) जागा बदला. गाडी पत्र्याखाली किंवा दाट सावलीत न्या, अथवा बघण्याचा कोन बदला. ताणाचे ठिपके फिके होतात, सरकल्यासारखे वाटतात किंवा नाहीसे होतात. खरा डाग जिथे आहे तिथेच राहतो.

३) गॉगल फिरवा. पोलराइज्ड गॉगल हातात धरून त्यातून काच पाहा आणि गॉगल हळूहळू पाव फेरा फिरवा. ठिपके गडद-फिके होत गेले तर ते ताणाचेच. गॉगल काढल्यावर ते गेले, तर ग्राहकाला आपोआप पटते.

४) पडद्याची कसोटी. आकाश ढगाळ असेल तर एलसीडी पडद्याचा लॅपटॉप घ्या, पडदा पांढरा करून काचेच्या एका बाजूला धरा आणि दुसऱ्या बाजूने पोलराइज्ड गॉगलमधून पाहा. एलसीडी पडद्याचा उजेड एकदिशच असतो. ठिपके स्पष्ट उमटतात. शेजारी साध्या काचेचा तुकडा धरलात तर तो जवळजवळ कोरा दिसेल. हा फरक ग्राहकाला दाखवा, अर्धे भांडण तिथेच मिटते.

५) लिंबू किंवा व्हिनेगर. आपल्या भागात बोअरचे पाणी जड असते. गाडी धुऊन उन्हात वाळवली की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. ते ओबडधोबड पसरलेले असतात, ओळीत नसतात, आणि आंबट पदार्थाने बहुधा निघतात. ताणाचे ठिपके कशानेही निघत नाहीत.

चष्मा-गॉगल विकणाऱ्या बंधूंनाही यातून एक फायदा आहे. कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर गॉगल धरून फिरवला आणि एका स्थितीत पडदा काळा पडला, तर गॉगल खरा पोलराइज्ड. पडला नाही, तर तो नुसता रंगीत आहे आणि पोलराइज्ड म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

खरे दोष कोणते?

सगळ्याच ठिपक्यांना "हे असेच असते" म्हणणे बरोबर नाही. पुढील गोष्टी आढळल्या तर काच परत करणेच योग्य. काचेच्या आत बुडबुडा किंवा खडा असणे. खोल ओरखडा. काचेतून पाहताना विजेचा खांब किंवा दाराची चौकट वाकडी-तिकडी दिसणे. आणि सर्वांत महत्त्वाचे, कडेला टवका उडालेला असणे. टफन काचेची कड हे तिचे नाजूक ठिकाण आहे. टवका दाबाच्या थरातून आत ताणाच्या गाभ्यापर्यंत पोहोचला तर सबंध काच एका क्षणात भुगा होते. म्हणून बीडिंगमध्ये बसवण्यापूर्वी चारी कडा उजेडात तपासाव्यात आणि काच उभी ठेवताना खाली लाकूड किंवा रबर ठेवावे, फरशीवर टेकवू नये.

लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मधल्या प्लॅस्टिकच्या थरात हवा शिरून कडेला दुधी डाग पडतात. तो खरा दोष आहे. तसेच फिल्मच्या गोंदाचे बुडबुडे हा फिल्मचा दोष, काचेचा नव्हे.

पुढच्या काचेबाबत विशेष खबरदारी

पुढची काच म्हणजे विंडशील्ड ही वेगळ्या जातीची असते. तिच्यात दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर असतो. फुटली तरी तुकडे थराला चिकटून राहतात आणि चालकाला काही प्रमाणात समोरचे दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० अन्वये गाडीच्या काचा सुरक्षा काचेच्या असाव्या लागतात. नियम लागू झाल्यापासून तीन वर्षांनंतर बनलेल्या गाड्यांची पुढची काच लॅमिनेटेड असणे बंधनकारक आहे, फक्त दुचाकी आणि शेतीचे ट्रॅक्टर त्यातून वगळले आहेत. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, असेही हा नियम सांगतो.

इथे ठिपके उलट उपयोगी पडतात. विंडशील्डची काच हवेच्या माऱ्याने टफन केलेली नसते, म्हणून तिच्यावर ओळीने ठिपके दिसता कामा नयेत. जुनी गाडी घेताना पोलराइज्ड गॉगलमधून पुढच्या काचेवर भरगच्च ठिपके दिसले, तर तिथे टफन काच बसवलेली असण्याची शंका घ्या आणि कोपऱ्यातला शिक्का वाचा. टफन काच चालत्या गाडीत फुटली तर एका क्षणात सगळी पांढरी होते आणि चालक आंधळा होतो.

दाराच्या काचेबाबत याच्या उलट समजावे. तीन दारांच्या काचांवर ठिपके आहेत आणि चौथी अगदी कोरी आहे, तर कोणीतरी साधी काच कापून बसवली असण्याची शक्यता असते. साध्या काचेचे फुटून सुऱ्यांसारखे लांब तुकडे होतात. टफन काचेचे मात्र बारीक दाणे होतात. आंतरराष्ट्रीय नियमात फुटलेल्या टफन काचेच्या पाच सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात किमान ४० तुकडे मोजून यावे लागतात. अर्थात ठिपके न दिसणे हा काही पुरावा नव्हे. काही टफन काचांचे ठिपके फार फिके असतात आणि काही महागड्या गाड्यांत दाराच्या काचाही लॅमिनेटेड असतात. म्हणून शेवटचा निवाडा शिक्क्यावर करावा. आपल्या देशात वाहनांच्या सुरक्षा काचेचे मानक आयएस २५५३, भाग २ हे आहे. आयएसआय चिन्ह आणि हा क्रमांक काचेच्या कोपऱ्यात पाहावा. पुणे जिल्ह्यात भोसरी आणि चाकण येथे मोटारींच्या काचा बनवणारे कारखाने आहेत, त्यामुळे शिक्क्याची काच आपल्या भागात मिळणे अवघड नाही. थोडा पैसा वाचवण्यासाठी बिनशिक्क्याची काच लावणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

घासून ठिपके जात नाहीत

बाजारात कोणी पॉलिश किंवा औषध दाखवून "ठिपके काढून देतो" म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. ठिपका काचेच्या जाडीत असतो. वरून घासल्याने तो जात नाही, उलट काच लहरी होऊन समोरचे वाकडे दिसू लागते. ताण काढायचा तर काच पुन्हा तापवून हळू थंड करावी लागेल, आणि मग ती टफन राहणार नाही. त्याचप्रमाणे टफन काच नंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. माप चुकले की दुसरी काच आणणे हाच मार्ग. नवशिक्या मुलांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी.

व्यवहार कसा करावा?

मालातला ऐब लपवून विकणे नाजायज आहे, आणि ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण जो ऐबच नाही त्याला ऐब म्हणून कारागिराची मजुरी अडवणे हाही जुलूमच आहे. दोन्ही टाळायचे तर गोष्ट आधी सांगावी. काच बसल्यावर सांगितली की तीच गोष्ट बहाणा वाटते.

काच दाखवताना सांगा की ही टफन आहे, सकाळ-संध्याकाळी किंवा पोलराइज्ड गॉगलमधून तिच्यावर ठिपके दिसू शकतात, जुन्या काचेहून त्यांचा नमुना वेगळा असू शकतो. हेच एका ओळीत बिलावर लिहा. शिक्का बसवण्याआधी दाखवा. कडा दोघांनी मिळून तपासा. ग्राहकाला ठिपके नकोच असतील तर दुसऱ्या कारखान्याची काच उघड्यावर नेऊन, गॉगल लावून निवडू द्या. फिके ठिपके मिळू शकतात, "ठिपके अजिबात नसतील" असा वादा मात्र कोणी करू नये.

तक्रार आलीच तर आवाज चढवू नका. गाडी उघड्यावर घ्या, गॉगल मागा आणि चार माणसांसमोर वरील कसोट्या करा. हिवरे बाजारचेच पाहा. तिथे दरवर्षी पाऊस आणि विहिरींतले पाणी मोजून हिशेब ग्रामसभेपुढे ठेवतात आणि त्यावर कोणते पीक घ्यायचे ते ठरते. पाऊस कमी पडला तर जास्त पाण्याचे पीक नाही. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस नाही, हे नियम गावाने पाळले. पाण्यावरून गावोगाव डोकी फुटतात, पण जिथे माप सर्वांसमोर होते तिथे तंट्याला जागा कमी उरते. दुकानाच्या ओट्यावरही हाच कायदा चालतो.

काचवाल्या बंधूंनी एक जुना पोलराइज्ड गॉगल आणि साध्या काचेचा वीतभर तुकडा गल्ल्याजवळ कायम ठेवावा. एखादी काच परत घ्यायची की नाही, हे या दोन वस्तू पाच मिनिटांत सांगतील. कसोटीत काच खरी निघाली तर मजुरी हक्काने मागा. दोष निघाला तर एक शब्दही न बोलता काच बदलून द्या.